हिवाळ्यातलं निसर्गनिरीक्षण आणि आपला क्लब: नेहमी येणारे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की क्लबच्या लोकांना तेच तेच प्रश्न यायला लागतात, आणि दर वेळी उत्तर देणारा वेगळा असल्यामुळे उत्तरंही वेगवेगळी जातात. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. काही ठिकाणी माझी मतं घुसलीयेत, ती चालवून घ्या.

हिवाळ्यातच एवढं काय असतं बघण्यासारखं? सगळं तर झोपलेलं असतं ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. झोपतात ते मोजकेच, बाकीच्यांना दिवस लहान आणि खाणं कमी अशा अवस्थेत पोट भरायचं असतं, त्यामुळे ते जास्त वेळ उघड्यावर असतात. त्यात बऱ्याच झाडांची पानं गळलेली, म्हणजे एरवी नुसता आवाज ऐकून मान दुखेपर्यंत वर बघायला लावणारा पक्षी आता उघड्या फांदीवर दिसतो. शिवाय उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात, जे वर्षातले बाकीचे महिने इथे नसतातच. नवशिक्यांना मी नेहमी सांगतो की सुरुवात करायची तर हिवाळ्यात करा.

मला कावळा, चिमणी, कबुतर सोडून काही ओळखता येत नाही. आलो तर चालेल का?

अहो तीन येतात की! मस्करी नाही, खरंच या. फक्त एक करा, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नाव पाठ करायच्या मागे लागू नका. पक्षी दिसला की आधी आकार बघा, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, मग शेपटी काय करतेय ते. धोबी पक्षी जमिनीवर चालताना शेपटी सारखी वरखाली हलवतो, तुतारी (हाही पक्षीच) पाण्याच्या काठाला अख्खं बूडच नाचवते, आणि हे एकदा डोळ्यात बसलं की रंग नीट दिसला नाही तरी लांबून कळतं. रंगावर फार भरवसा ठेवू नका, पहाटेच्या उजेडात सगळेच करडे दिसतात.

एवढ्या पहाटे का बोलावता? दहा वाजता नाही का जमणार?

जमेल, पण मग तुम्हाला झाडं दिसतील. छोट्या पक्ष्यांनी थंडीची अख्खी रात्र उपाशी काढलेली असते, साठवलेली चरबी बऱ्यापैकी जळून गेलेली असते, त्यामुळे उजाडल्या उजाडल्या ते खाण्यावर तुटून पडतात. पहिले दोन तास सगळ्यात भारी. दुसरं कारण आवाजाचं. थंडीत वारा नसलेल्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि वर जरा उबदार थर असतो, अशा वेळी आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. त्याच थरामुळे शहराचा धूरही खालीच अडकतो, त्यामुळे दम्याचा त्रास असेल तर फेरीच्या आधी सांगून ठेवा, आपण तुमच्यासाठी उशिराची वेळ बघू.

दुर्बीण लागतेच का? कुठली घेऊ?

पहिल्या फेरीला नको. क्लबकडे दोन-तीन जास्तीच्या असतात, आळीपाळीने बघता येतं. घ्यायचीच झाली तर ८ × ४२ घ्या आणि विषय संपवा. आधीचा आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो, इथे सव्वापाच मिलिमीटर, आणि हिवाळ्याच्या अंधुक सकाळी हाच आकडा कामाला येतो. खिशात मावणारी १० × २५ वाली छान दिसते पण तिचं वर्तुळ अडीच मिलिमीटरचंच, म्हणजे झाडीत अंधार. आणि जास्त पटीची घेतली की हात थरथरला तरी चित्र थरथरतं, त्यात गारठ्याने हात थरथरणारच. लोक जास्त पटीच्या नादाला का लागतात मला कळलेलं नाही.

एक छोटी गोष्ट, बाहेरच्या थंडीतून उबदार खोलीत आलात की काचेवर लगेच दव धरतं. दुर्बीण पिशवीतच राहू द्या थोडा वेळ, आणि ओल्या काचेवर शर्टाचं टोक घासू नका!

कपडे कसे घालायचे?

एक जाड घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ, एकावर एक. आपण चालत कमी आणि उभे जास्त राहतो, त्यामुळे व्यायामाला जाताना घालता तेवढ्याने भागत नाही. कान आणि पाय झाका. सळसळ आवाज करणारं जॅकेट कृपा करून नको, तुमच्या एका बाहीच्या आवाजाने सगळ्यांचा पक्षी जातो. मातकट, हिरवट रंग बरे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात झटकन वर करून बोट दाखवायचं नाही. घड्याळाचे काटे वापरा, "झाडाला दोनच्या दिशेला, जाड फांदीवर" असं.

शहरात राहून काय दिसणार? त्यासाठी जंगलात नको का जायला?

इथे मी जरा लांबण लावणार आहे. आपण महिन्यातून एकदा लांब जातो, मान्य, पण क्लबचा खरा जीव एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. एखादं तळं, एखादी बाग, रेल्वे लाइनशेजारची मोकळी जागा, घाण वाटणारा नाला. नाल्याला नाकं मुरडू नका, सांडपाण्यात किडे आणि अळ्या भरपूर असतात आणि म्हणून तिथे तुतारी, चिखल्या, धोबी हमखास असतात. उंच इमारतींवर बहिरी ससाणा बसतो, त्याच्या हिशोबाने तो कडाच असतो आणि खाली कबुतरांचा साठा. शहर आजूबाजूपेक्षा थोडं उबदारही असतं, सिमेंट आणि डांबर दिवसा तापतं आणि रात्री हळूहळू उष्णता सोडतं.

मी स्वतः सहा हिवाळे एकाच तळ्यावर जातोय. पहिल्या वर्षी माझ्या यादीत अकरा नावं होती आणि तीन "माहीत नाही" होते. आता यादी मोठी झाली ते सोडा, पण तिथला एक दगड आहे, त्यावर दरवर्षी एक तुतारी येऊन बसते. तीच की दुसरी हे पायात अभ्यासकांनी घातलेलं नंबरचं कडं असल्याशिवाय सांगता येत नाही. पण स्थलांतर करणारे बरेच पक्षी हजारो किलोमीटर जाऊन परत त्याच जागी हिवाळा काढायला येतात हे कडी घातलेल्या पक्ष्यांवरून माहीत आहे, त्यामुळे मी आपला तीच आहे असं धरून चालतो. ती पहिल्यांदा दिसण्याची तारीख वहीत लिहितो. लांबच्या अभयारण्यात एकदा जाऊन ही तारीख मिळत नाही.

हे पाहुणे येतात कुठून आणि त्यांना रस्ता कसा कळतो?

सैबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया, आर्क्टिकच्या काठचा टुंड्रा, हिमालयापलीकडचं पठार, अशा ठिकाणांहून. थंडी सहन होत नाही म्हणून येतात असं आपण म्हणतो पण खरं दुखणं खाण्याचं असतं, पाणी गोठलं आणि किडे संपले की तिथे राहून करणार काय. दिशा शोधायला सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि ओळखीच्या खुणा असं सगळं मिळून वापरतात. पट्टकादंब नावाचा हंस हिमालय ओलांडतो, त्याच्यावर ट्रान्समीटर बसवून अभ्यास झालाय आणि ७००० मीटरच्या वरची नोंद आहे. मात्र तो सगळा वेळ तिथेच उडत नाही, डोंगराच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत जातो. आणि २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू, वय जेमतेम ५ महिने, अलास्काहून निघून टास्मानियाला उतरलं, ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता, न खाता. पहिलाच प्रवास. आपल्याला चौकात डावीकडे वळायला मॅप लागतो.

तळ्यावरची सगळी बदकं मला सारखीच तपकिरी दिसतात. डोळे तपासू का?

नको, तुम्ही लवकर गेलात एवढंच. वीण झाली की बदकांचे नर जुनी पिसं टाकतात आणि काही काळ माद्यांसारखेच मळकट दिसतात, कारण त्याच वेळी उडायची पिसंही झडलेली असतात आणि लपून राहणं बरं असतं. हिवाळा मध्यावर येईतो नर पुन्हा रंगात येतात. तोवर चोच बघा, थापट्याची चोच पळीसारखी रुंद असते, ती चुकणं अवघड. तलवार बदकाची मान आणि शेपटी लांब. कुरवांचं (म्हणजे सीगल) आणि चिखल्यांचं उलटं असतं, ते हिवाळ्यात फिके होतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात चक्क पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका, त्यामुळे नावावरून शोधायला गेलात तर फसणार. मी फसलोय, दोन वर्षं!

झाडावर एकदम दहा-पंधरा पक्षी येतात आणि मग अर्धा तास काहीच नाही, असं का होतं?

कारण हिवाळ्यात वेगवेगळ्या जातीचे छोटे पक्षी एकत्र टोळी करून फिरतात. वल्गुली, वटवटे, शिलींध्री, माशीमार, कधी एखादा सुतार, असे सगळे एकाच दिशेने झाडं चाळत पुढे जातात. विणीच्या काळात हद्दीवरून भांडणारे हेच लोक आता एकत्र का, तर डोळे जास्त, म्हणजे ससाणा लवकर दिसतो आणि प्रत्येकाला मान वर करण्याऐवजी खायला वेळ मिळतो. शिवाय प्रत्येकाची जागा वेगळी, कोणी खोडावर, कोणी फांदीच्या टोकाला, कोणी उडणारा किडा टिपणारा, त्यामुळे फारशी मारामारी नाही. टोळी आली की बोलणं बंद, सगळ्यांनी एकेक झाड वाटून घ्यायचं. पाच मिनिटांत गेली तर मागे धावू नका, जरा पुढच्या झाडाशी जाऊन गप उभे राहा.

पक्ष्यांना थंडी वाजत नाही का? बदकं तर गार पाण्यात उभी असतात.

पिसं फुगवून आत हवा कोंडून ठेवतात, म्हणून हिवाळ्यातला पक्षी गुबगुबीत दिसतो, जाडा झालेला नसतो. पायाची गंमत वेगळीच आहे. शरीरातून पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायातून वर येणारं गार रक्त यांच्या नळ्या अगदी चिकटून असतात, त्यामुळे उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला मिळते आणि पाय गारच राहतात, म्हणजे पाण्यात फुकट जाणारी उष्णता कमी. एका पायावर उभं राहून दुसरा पिसात घालणं हेही त्यातलंच.

पक्षी सोडून काही बघता का तुम्ही लोक?

प्रश्न रास्त आहे, आम्ही पक्षीवेडे जरा जास्त झालोय क्लबमध्ये. पण हिवाळ्यात बाकीचंही भरपूर असतं. दव पडलं की कोळ्यांची जाळी दिसतात, एरवी तीच जाळी नाकासमोर असून दिसत नाहीत, एका झुडपात किती असतात ते एकदा मोजा. फुलपाखरं कमी असतात, पण जी असतात ती सकाळी पंख पसरून उन्हात बसलेली, गारठलेली, त्यामुळे जवळून बघता येतात. बाकीचे किडे अंड्यात, कोषात किंवा सालीखाली थांबलेले. कोष सापडला तर फांदी मोडून घरी नेऊ नका, घरातल्या उबेने किडा अवेळी बाहेर येतो आणि बाहेर त्याला खायला काही नसतं.

उघड्या झाडांवर जुनी घरटी दिसतात, पानं असताना आपण त्याच्या खालून शंभर वेळा गेलेलो असतो. झाडं ओळखायलाही हाच काळ चांगला, फक्त पानांवरून नाही तर सालीवरून, कळ्यांवरून आणि पान गळल्यावर राहणाऱ्या वणावरून. पानगळीला थंडीइतकाच किंवा जास्तच दिवस लहान होण्याचा इशारा असतो, देठाच्या बुडाशी एक थर तयार होतो आणि पान सुटतं. खोडावरची दगडफुलं बघा, ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे आणि हवेतल्या गंधकाच्या धुराला फार नाजूक, त्यामुळे शहराच्या मध्यात आणि बाहेर एकाच जातीच्या झाडावर किती फरक पडतो ते बघण्यासारखं आहे. चिखलात ठसे असतात. बर्फ पडणाऱ्या शहरात असाल तर काय मजाच, रात्री कोण कुठून कुठे गेलं सगळं लिहिलेलं असतं.

पहाटे उठणं जमतच नाही. संध्याकाळची फेरी असते का?

असते आणि मला तीच जास्त आवडते. हिवाळ्यात बरेच पक्षी रात्री एकत्र झोपतात. कावळे हजारोंनी एका ठिकाणी येतात, धोबी रस्त्याच्या दिव्याखालच्या गजबजलेल्या झाडावर शेकड्याने बसतात आणि खालून जाणाऱ्या माणसाला पत्ताही नसतो. भोरड्या आणि त्यांच्या नात्यातल्या मैना झोपण्याआधी आकाशात थव्याने जे वळसे घेतात ते एकदा बघाच. प्रत्येक पक्षी शेजारच्या मोजक्या पक्ष्यांकडे बघून वळतो, पुढारी कोणी नसतो, तरी अख्खा थवा एका अंगाने वळतो. ससाणा आला तर थवा घट्ट होतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, नंतर पोचलात तर फक्त कलकल ऐकायला मिळेल आणि डोक्यावर पडेल ते पडेल.

रात्री?

डिसेंबरात एक रात्र ठेवतो, १३ किंवा १४ तारखेच्या आसपास, मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी. हा उल्कावर्षाव धूमकेतूचा नसून फेथॉन नावाच्या लघुग्रहाने सोडलेल्या धुळीचा आहे. मृग, व्याध, कृत्तिका हे सगळं दिसतंच. शहराच्या उजेडात उल्का कमी दिसतात, चंद्र मोठा असेल तर अजून कमी, म्हणून आम्ही आधी पंचांग बघतो मग तारीख ठरवतो. आडवं पडायला सतरंजी आणा, मोबाइल बंद, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मेसेजने ती सगळी पाण्यात जातात.

पक्षीगणना म्हणजे काय, आणि मला मोजता येत नसेल तर?

१९०० साली नाताळच्या दिवशी अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी शिकारीच्या चढाओढीऐवजी मोजायची चढाओढ सुरू केली, २७ लोक होते, ती गणना अजून चालू आहे. आशियात पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून जानेवारीत होते, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची परसातल्या पक्ष्यांची गणना असते, त्यात एका जागी किमान १५ मिनिटं थांबून जे दिसेल ते मोजायचं. सोपं आहे. मोठा थवा असेल तर दहा मोजा, दहाने किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा आणि तेवढे ठोकळे पुढे मोजत जा. एकच पक्षी येऊन-जाऊन पाच वेळा मोजला जाऊ नये म्हणून बागेच्या गणनेत एका वेळी एकदम जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा धरतात.

आणि कृपया कावळे, कबुतरं, साळुंक्या लिहा. दर वेळी कोणीतरी "हे काय लिहायचं" म्हणून वगळतं. चिमण्या कमी झाल्या हे आपल्याला कळलं ते कोणीतरी त्या होत्या तेव्हा मोजून ठेवल्या होत्या म्हणून.

अ‍ॅप आहे की, आवाज ऐकवला की नाव सांगतं. मग क्लब कशाला?

अ‍ॅप वापरा, मीही वापरतो. मर्लिन आवाजावरून सुचवतं, ई-बर्डवर यादी टाकता येते, आयनॅचरलिस्टवर किडे-झाडं-बुरशी सगळं चालतं. पण सुचवणं वेगळं आणि दिसणं वेगळं. अ‍ॅपने नाव सांगितलं आणि पक्षी पाहिलाच नाही तर यादीत टाकू नका. मागे एकदा अ‍ॅप ठामपणे एका दुर्मिळ पक्ष्याचं नाव सांगत होतं आणि निघाला कोण, तर नकला करणारा कोतवाल.

फोटो काढायला जवळ जाऊ का? आवाज वाजवून बोलावू का?

नाही आणि नाही. पक्ष्याने खाणं थांबवून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आलात. थंडीत एकदा उडवलं तरी त्याची ऊर्जा जाते, आणि तुमच्यामागून अजून दहा जण येणार असतात. दिवसा झोपलेलं घुबड दिसलं तर जागा कोणालाही कळवू नका, क्लबच्या ग्रुपवरसुद्धा नको. त्याला उठवलं की कावळे पाठीमागे लागतात आणि त्याची दिवसभर फरपट होते. यावर आमच्यात भांडणं झालीत, एकदोघं सोडूनही गेले, नियम तोच आहे.

बदकांना पाव घालतो, मुलांना मजा येते. चालेल ना?

नको हो. पोट भरतं पण पोषण नाही, उरलेला पाव पाण्यात कुजतो, आणि एका कोपऱ्यात गर्दी झाली की रोग पसरतात. मुलांना मोजायला लावा, तीही मजाच असते.

मेलेला किंवा पायात कडं असलेला पक्षी दिसला तर?

मेलेल्याला हात लावायचा नाही, बर्ड फ्लूचा धोका असतो, आणि एकाच जागी बरेच मेलेले दिसले तर वन खात्याला किंवा पशुवैद्यकीय विभागाला लगेच कळवा. कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर मात्र मजा आहे. पकडायला जाऊ नका, लांबून फोटो काढा, कुठला पाय, कुठला रंग, अक्षरं-आकडे काय, तारीख, जागा, सगळं टिपा. अ‍ॅल्युमिनियमची नंबर घातलेली कडी डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनांच्या नात्यातल्या पक्ष्यांना घातली, तेव्हापासूनची ही पद्धत. तुमच्या एका नोंदीने कोणाच्या तरी वहीतली ओळ पूर्ण होते.

लहान मुलांना आणू का?

आणा, पण पूर्ण फेरीची सक्ती नको. मुलं जमिनीकडे बघतात, म्हणून ठसे, पिसं, मुंग्या, कोष आधी त्यांनाच सापडतात. आमच्याकडची सगळ्यात चांगली कोषाची नोंद एका सात वर्षांच्या मुलीची आहे, आम्ही आठ जण वर बघत पुढे निघून गेलो होतो.

आलो आणि काहीच दिसलं नाही तर?

होतं तसं. मागच्या जानेवारीत धुकं इतकं होतं की तळंच दिसत नव्हतं, आम्ही सहा जण काठावर दीड तास उभे, नुसते आवाज. वहीत लिहिलं, "धुकं, वारा नाही, बदकांचा आवाज, जात कळली नाही, एक खंड्या ऐकला." निघताना धुकं थोडं वर गेलं, दगड दिसला, दगडावर कोणी नव्हतं, तेही लिहिलं.